हट्टी कुत्र्याचं दारं धरणं

माझी कुत्री हरणी दहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसहाला मिरजेच्या बाहेर ऊस तुटून गेलेल्या एका रानात मी तिचा पट्टा काढला. चाळीसेक पावलांवर पाचटातून ससा उठला. मी ‘ये, ये, हरणी ये’ करत घसा बसेपर्यंत ओरडलो. ती आली नऊ वाजून दहा मिनिटांनी. पोटापर्यंत चिखल, जीभ बाहेर, आणि तोंडावर अपराधाचा मागमूस नाही. ससा तिला मिळाला नव्हता, तरी तिच्या हिशेबानं सकाळ वसूल झाली होती. माझी मात्र अर्ध्या दिवसाची रजा गेली.

‘आमचं फार हट्टी आहे हो’ असं सांगणारं कुणी ना कुणी मला दर महिन्याला भेटतं. कुणाकडे रॉटवायलर, कुणाकडे डॉबरमन, कुणाकडे जतहून आणलेलं कारवानी, कुणाकडे गल्लीतून उचललेलं गावठी. पहिल्या ‘बस’पासून स्पर्धेच्या रिंगणापर्यंत अशा कुत्र्याला कसं न्यायचं, ते नवख्या मालकांसाठी इथे क्रमानं लिहितो आहे. मी पेशानं ट्रेनर नाही. हरणीनं आणि तिच्या आधीच्या सुलतान नावाच्या रॉटवायलरनं मला जे शिकवलं, ते हे.

आमच्या घरची थोडी शेती आहे. शेतीची लाइट रात्री आली की वडील खोरं घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे आणि मीही मागे मागे जायचो. पाटाच्या पाण्यासमोर हात आडवा धरून उपयोग नसतो. भरलेल्या वाफ्याचं बारं, म्हणजे पाणी आत यायचं तोंड, मुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. पाणी आपोआप तिकडे वळतं. हट्टी कुत्र्याचं सगळं शिक्षण माझ्या मते एवढंच आहे. त्याचा जोर अडवायला गेलात तर बांध फुटतो. बारं तुमच्या हातात पाहिजे.

हट्ट कुठून येतो

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात आणि सीमेपलीकडे मुधोळकडे जी लांबोडक्या तोंडाची, चिपाड अंगाची कुत्री दिसतात, त्यांना आपल्याकडे कारवानी म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. कानाशेपटीला केसांची झालर असलेली ती पश्मी. ही नजरेनं शिकार करणारी जात. सावज दिसलं की सुटायचं, कुठून वळायचं ते स्वतः ठरवायचं. माणूस मागे अर्धा मैल. म्हणजे माणसाला न विचारता निर्णय घेणं हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणला गेला. आज आपण फ्लॅटमध्ये आणून त्यालाच हट्ट म्हणतो. रॉटवायलर जर्मनीत खाटकांची गुरं हाकायचा, म्हणून तो अंगानं रेटतो. टेरियर बिळातले उंदीर काढायला तयार झाला, म्हणून तो कुंड्या उकरतो.

‘देशी कुत्री शिकत नाहीत’ हे वाक्य मी अजून ऐकतो. मुधोळ कुत्र्यांवर टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं ते दिसण्याचं कौतुक समजा. पण २०१६ साली लष्करानं याच जातीची पिल्लं मेरठच्या आपल्या केंद्रात शिकवायला नेली. शिकतात. लॅब्रॅडोरसारखी फुकटात शिकत नाहीत, इतकंच.

आणखी एक. अचानक ‘हट्टी’ झालेलं कुत्रं आधी डॉक्टरांकडे न्या. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड वाढतात. गोचीडतापात कुत्रं मलूल होतं, उठायला कंटाळतं आणि मालक म्हणतो ‘ऐकेना झालंय’. कानात पू असेल तर हाक नीट ऐकू येत नाही. कंबर दुखत असेल तर ‘बस’ म्हटल्यावर बसत नाही. सुलतानला मी दोन आठवडे बसण्यावरून रागावत होतो. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं निघालं. त्या दोन आठवड्यांची लाज अजून वाटते.

पहिली पायरी: पगाराची यादी

वही घ्या. तुमच्या कुत्र्याला काय काय हवं असतं ते उतरत्या क्रमानं लिहा. तुम्हाला वाटतं ते नाही, त्याला हवं असतं ते. चार दिवस नुसतं बघा. हरणीची यादी अशी होती: पळणारं काहीही, मोकळं धावणं, वासाचा माग, उकडलेली कलेजी, दोरी ओढण्याचा खेळ, पनीर, कोरडं डॉगफूड. डोक्यावरून हात फिरवणं यादीतच नव्हतं. मी हात पुढे केला की ती मान किंचित खाली घेऊन बाजूला व्हायची, आणि मी सहा महिने तेच बक्षीस म्हणून देत होतो!

हट्टी कुत्रं म्हणजे बहुतेक वेळा कमी पगारावर काम न करणारं कुत्रं. घरात ‘बस’ला डॉगफूडचा दाणा चालेल. बाहेर मांजर समोर असताना तोच दाणा म्हणजे भर बाजारात चार आणे.

खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. दिवसाच्या जेवणातून तेवढं वजा करा, नाहीतर तीन महिन्यांत कुत्र्याचा पिंप होईल. उकडलेली कोंबडी, कलेजी, अंडं, पनीर चालतं; मीठ-मसाला नको. आपल्या जिल्ह्यापुरती एक ताकीद: बेदाणा आणि द्राक्षं अजिबात नाहीत. कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नसतो. तासगावच्या पाहुण्यांनी आणलेला बेदाण्याचा डबा आपल्या घराघरांत असतो आणि लहान मुलं प्रेमानं भरवतात. खाल्लेच तर ‘बघू सकाळी’ न म्हणता लगेच डॉक्टर. चॉकलेट, कांदा, लसूणही बाद.

दुसरी पायरी: सामान

साधा पट्टा, छातीचा हार्नेस, सहा फुटी दोरी, कमरेला अडकवायचा बटवा आणि तीसेक फुटांचा कासरा. पेठेत बैलांसाठी मिळणारा सुती कासरा उत्तम. नायलॉन हात कापतो. लांब कासरा नेहमी हार्नेसला बांधायचा, गळ्याला कधीच नाही. सुसाट गेलेलं कुत्रं कासरा संपल्यावर मानेला हिसका खातं. तो हाताला गुंडाळूनही धरायचा नाही. माझ्या करंगळीचा सांधा त्यामुळेच वाकडा आहे.

काट्यांचे पट्टे आणि विजेचे पट्टे नवख्यानं घेऊ नयेत. याचं कारण माझ्याच अंगणात घडलं. हरणी शेळ्या दिसल्या की ओढायची. कुत्र्यांतला जाणकार म्हणवणाऱ्या एकानं सांगितलं, शेळी दिसली की गळ्याला जोरात हिसका द्या, आठ दिवसांत विसरेल. मी इमानानं केलं. पंधरा दिवसांनी ती शेळी दिसली की आधीच गुरगुरायला लागली. तिच्या हिशेबानं सरळ होतं: शेळी दिसली की गळा दुखतो, म्हणजे शेळीच वाईट. आधी तिला शेळ्यांमागे फक्त पळायचं होतं, आता तिला त्यांचा राग आला होता. हे मोडायला तीन महिने लागले. साठ पावलांवरून शेळ्या दिसल्या, ती अजून शांत आहे, तेवढ्यात कलेजी. दुसऱ्या दिवशी पन्नास पावलं. शेळीच्या जागी शेजारचं लहान मूल असतं तर, हा विचार मी फार लांबवत नाही.

तिसरी पायरी: ‘टॉक्’

कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणाची खूण हवी. दुकानात क्लिकर नावाची डबी मिळते. मी जिभेनं ‘टॉक्’ करतो, बैल हाकताना करतात तसं. ते घरी विसरत नाही. पहिले दोन दिवस काही शिकवायचं नाही. ‘टॉक्’ आणि सेकंदाच्या आत तुकडा. असं वीस वेळा, दिवसातून तीनदा. आवाज ऐकून कुत्र्यानं झटकन मान वळवली की खूण पटली.

ही खूण म्हणजे फोटो काढणं आहे. बूड टेकलं त्या क्षणी ‘टॉक्’. उशीर केलात आणि कुत्रं उठताना आवाज आला, तर तुम्ही उठण्याचा फोटो काढलात. आधी कुत्र्याशिवाय सराव करा: घरातल्या कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला लागेल त्याच क्षणी ‘टॉक्’. माझी मुलगी यात पहिल्या दिवशी जिंकली, मला आठवडा लागला.

चौथी पायरी: बसणं, आडवं होणं, सोडणं

बसणं सोपं. तुकडा नाकाजवळून वर आणि किंचित मागे न्या, बूड खाली जाईल, टॉक्. दहातून आठ वेळा जमायला लागलं की मग शब्द जोडा. आधी शब्द पाचदा म्हणून मग कृतीची वाट बघू नका, नाहीतर कुत्रं ‘बस-बस-बस-बस-अरे बस’ हीच आज्ञा समजतं.

शब्दांची निवड मात्र विचार करून करा. मराठी घरात ‘बस’ हा शब्द दिवसात पन्नास वेळा येतो: बस झालं, बसा पाव्हणं, कवठ्याची बस चुकली. आमच्याकडे म्हणून ‘बैठ’. आडवं होण्याला ‘डाऊन’, तोंडातलं सोडायला ‘सोड’. भाषा कुठलीही चालते, पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी ‘खाली बस गं बाई’ म्हणणार आणि तुम्ही ‘सीट’, तर दोष कुत्र्याचा नाही.

‘डाऊन’ हट्टी कुत्र्यांना आवडत नाही, आणि सडपातळ कारवानीला गार फरशी टोचते. गोणपाट टाका. तुकडा नाकापासून सरळ खाली पंजांच्या मध्ये न्या आणि थांबा. कोपर टेकले की टॉक्. पाठीवर दाब देऊन बसवू नका. रेटलं की उलटं रेटणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे.

‘सोड’साठी मुठीत तुकडा धरून मूठ पुढे करा. कुत्रं चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. गप्प राहा. ज्या क्षणी नाक मागे घेईल तेव्हा टॉक्, आणि तुकडा दुसऱ्या हातातून. हा पहिला बारं-मुजवण्याचा धडा. यात मालकाची परीक्षा जास्त असते, कारण मिळायचं बंद झालं की कुत्रं आधी जास्त जोर लावतं. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसं. तिसऱ्या दिवशी सुलतान एवढा भुंकला की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. नेमक्या त्याच वेळी मूठ उघडलीत तर त्याला कळतं की जास्त भुंकलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी तो तिथूनच सुरुवात करतो.

धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसात तीन-चारदा. मजा येत असतानाच थांबायचं. अर्धा तास घोटत बसणारे लोक कुत्र्याला नव्हे, स्वतःला शिक्षा करतात.

पाचवी पायरी: बोलावणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालतं, हे चुकलं तर कुत्रं सांगली-मिरज रस्त्यावर ट्रकखाली जातं.

जतकडच्या एका मेंढपाळाला मी हरणीची तक्रार सांगितली होती. त्याच्या माडग्याळी मेंढ्या पसरलेल्या, कुत्रं बाभळीखाली. तो म्हणाला, “पाव्हणं, तुमी त्येला हाक कवा मारता? खेळ मोडायचा आसंल तवाच न्हवं?” त्यानं मग स्वतःच्या कुत्र्याला शीळ घातली. ते आलं, त्यानं भाकरीचा तुकडा दिला आणि हातानंच ‘जा’ केलं. ते परत सावलीला. “दिवसातनं धा येळा बोलिवतो, नऊ येळा सोडतो,” तो म्हणाला.

मी घरी येऊन हिशेब केला. मी ‘ये’ कधी म्हणायचो? फिरणं संपलं की, आंघोळ घालायची असली की, काहीतरी उकरलं म्हणून रागवायचं असलं की. ‘ये’ म्हणजे मजा संपली. मग कशाला येईल? असा शब्द नासला की त्याला दुरुस्त करण्यापेक्षा टाकून द्यावा. मी ‘ये’ सोडला आणि शिट्टी घेतली: दोन छोट्या फुंका.

क्रम असा. पहिला आठवडा घरात: शिट्टी आणि लगेच कलेजी, कुत्रं कुठेही असो. दुसरा आठवडा दोन माणसांमध्ये, अंगणात किंवा गच्चीवर. एकानं वाजवायची, आलं की द्यायचं, मग दुसऱ्यानं. तिसऱ्या आठवड्यापासून मोकळ्या रानात कासऱ्यावर. कासरा जमिनीवर लोळू द्या आणि शेवटच्या गाठीवर पाय ठेवायची तयारी ठेवा. शिट्टी एकदाच. आलं नाही तर ओढत आणू नका. कासरा धरून त्याचं पुढे जाणं बंद करा, आणि तुम्ही उलट्या दिशेनं चालायला लागा. पाठलाग त्याच्या रक्तात आहे. तुम्ही त्याच्याकडे धावलात तर ते पळणार, तुम्ही लांब गेलात तर ते मागे येणार.

आलं की एक तुकडा नाही. पाच तुकडे, एकामागून एक, त्या दरम्यान हार्नेसला हात लावा (हात लागला की निसटणारी कुत्री फार असतात), आणि मग ‘जा’. हे ‘जा’ हाच मोठा पगार. यादीत वर होतं ना, मोकळं धावणं? तुमच्याकडे येणं हा मोकळं धावण्याकडे जायचा रस्ता झाला पाहिजे. डेव्हिड प्रेमॅक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हे तत्त्व गेल्या शतकात प्रयोगांनी मांडलं: जास्त आवडीच्या कामाची वाट कमी आवडीच्या कामातून काढली की कमी आवडीचं काम वाढतं. आपल्या आया शाळेचा अभ्यास झाल्यावरच क्रिकेटला सोडायच्या, तेच.

हरणीचा कासरा मी आठ महिने काढला नाही. लोक हसायचे. ससे उठणाऱ्या रानात ती अजूनही कासऱ्यावरच असते. काही गोष्टींवर शिट्टी जिंकत नाही हे मान्य करून टाकलं की झोप चांगली लागते. ‘पळू दे की, धरला तर धरला’ म्हणणारेही भेटतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे, आणि कुत्र्यानं मारला म्हणून मालक सुटत नाही.

सहावी पायरी: थांबणं आणि हील

थांबण्याचे तीन धागे: वेळ, अंतर, आणि आजूबाजूची ओढ. एका वेळी एकच वाढवा, आणि एक वाढवताना बाकीचे दोन कमी करा. घरात मिनिटभर थांबणारं कुत्रं फाटकाबाहेर तीन सेकंद थांबलं तरी शाबास. सुरुवात रोजच्या दारापासून करा. दार उघडायला हात पुढे, कुत्रं उठलं, हात मागे. बसलं, पुन्हा हात. बाहेर जाणं हाच पगार, बटव्याची गरज नाही. पहिल्या दिवशी आम्हाला दाराबाहेर पडायला अकरा मिनिटं लागली, पाचव्या दिवशी चाळीस सेकंद.

नवखे इथे एक चूक हमखास करतात: कुत्र्याला थांबवून लांब जातात आणि तिथून हाक मारून बक्षीस देतात. कुत्रं थांबलेलं नसतंच, ते हाकेची वाट बघत चुळबुळतं. त्यापेक्षा तुम्ही परत त्याच्यापाशी जा आणि जागेवरच द्या. दहातून नऊ वेळा असंच.

फिरायला जाणं आणि हील वेगळं. फिरताना दोरी सैल असली की पुरे. ताणली की तुम्ही खांब व्हायचं, सैल झाली की चालायचं. हील म्हणजे स्पर्धेतली चाल: कुत्रं डाव्या बाजूला, त्याचा खांदा तुमच्या गुडघ्याजवळ, नजर तुमच्याकडे. तुकडा नेहमी डाव्या हातानं आणि पँटच्या शिवणीपाशीच द्या. उजव्या हातानं पोटासमोरून दिलात तर कुत्रं पुढे वाकडं येऊन चालायला शिकतं, आणि ते काढायला वर्ष जातं (गेलं). एक पाऊल, टॉक्. मग दोन. मग तीन, पुन्हा एक. भिंतीला लागून चाललात तर कुत्रं बाहेर फाकत नाही.

सहा महिने ते दीड वर्ष हा काळ मात्र सोसावा लागतो. काल येत असलेलं सगळं आज विसरतं. रागावू नका. मागच्या इयत्तेत जा, कासरा पुन्हा बांधा, आणि पगार वाढवा.

सातवी पायरी: खेळ निवडणं

घरातला पाया पक्का झाला की खेळ. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न क्लबांचे शो भरतात आणि त्यांच्या जोडीला आज्ञापालनाच्या चाचण्या होतात. नवख्यासाठी तिथूनच सुरुवात करणं बरं: हील, बसणं-आडवं होणं, थांबणं, बोलावल्यावर येणं, पुढच्या पातळीवर डंबेल नावाची दांडी तोंडात धरून आणणं.

अॅजिलिटी म्हणजे उड्या, बोगदा, झुलती फळी आणि खांबांमधून नागमोडी पळणं. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून हा खेळ बेतला आणि १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये मधल्या वेळात करमणूक म्हणून पहिल्यांदा दाखवला गेला. रॉटवायलरपेक्षा कारवानी किंवा गावठी कुत्र्याला तो जास्त साजतो. सामान घरी होतं. पीव्हीसी पाइपचे बारा खांब साठ सेंटिमीटर अंतरावर रोवा. कुत्र्यानं पहिला खांब डाव्या खांद्याला ठेवून आत शिरायचं. उडीची आडवी काठी नुसती टेकवलेली हवी, पाय लागला की पडली पाहिजे. दीड वर्षापर्यंत ती कुत्र्याच्या कोपराच्या वर नेऊ नका, मोठ्या हाडाच्या जातींना तर मुळीच नाही. वाढीची हाडं तोवर जुळलेली नसतात.

आयजीपी हा तिसरा खेळ, जर्मन शेफर्डवाल्यांच्या आवडीचा. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण. २०१९ पर्यंत त्याला आयपीओ म्हणत. बीएच ही पूर्वपरीक्षा वयाच्या पंधरा महिन्यांआधी देता येत नाही. संरक्षणाच्या भागात गुण नुसते चावण्याला नसतात. एका शब्दावर सोडण्यालाही असतात. म्हणून गच्चीवर बाहीला गोणपाट बांधून ‘अटॅक’ शिकवणाऱ्यांना माझा हात जोडून नकार. जाणता माणूस समोर असल्याशिवाय हा भाग शिकवूच नका.

दोरी ओढण्याचा खेळ मात्र सगळ्यांनी खेळावा. ओढ, ओढ, मग तुमचा हात मांडीला चिकटवून दोरी मेलेली करा, ‘सोड’, सोडली की टॉक् आणि पुन्हा ओढ. ‘सोडल्यावर खेळ परत सुरू होतो’ हे एकदा कळलं की हट्टी कुत्रं स्वतः दोरी हातात आणून देतं. रिंगणात शिरण्याआधी अंगात वारं भरायला हाच खेळ कामी येतो.

उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत संपवा. सांगलीत मार्चपासूनच डांबर तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही टेकवू नका. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, पाय लटपटतात असं दिसलं तर आधी सावली, अंगभर पाणी, वारा. आणि ओल्या अंगानंच दवाखाना.

आठवी पायरी: रिंगण

घरी येतं ते बाहेर येत नाही, कारण कुत्र्यासाठी नवी जागा म्हणजे नवा धडा. स्पर्धेआधी किमान दहा वेगवेगळ्या जागी सगळं करून बघा. आम्ही कृष्णेच्या घाटावर केलं, आमराईच्या फाटकाबाहेर केलं, आठवडी बाजाराच्या कडेला केलं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या गाण्यांच्या आवाजात केलं. दोन ट्रॉल्यांचा तो खडखडाट सहन करणारं कुत्रं कुठलाही लाऊडस्पीकर सहन करतं.

रिंगणात खाऊ नेता येत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून बटवा कमरेला न बांधता दूर खुर्चीवर ठेवा. चार कामं, मग दोघांनी मिळून खुर्चीकडे धाव. पुढे सहा कामं, मग आठ, मधेच पुन्हा दोन. आकडा कुत्र्याला कळता कामा नये. गुण काहीही मिळोत, रिंगणाबाहेर आल्यावर आधी खुर्चीकडे जा, मग लोकांशी बोला.

हरणीच्या पहिल्या चाचणीत हील छान झालं, बोलावल्यावर ती तीरासारखी आली. मग तीन मिनिटांचं डाऊन. मी पलीकडे उभा, पोटात गोळा. पावणेतीन मिनिटांनी दोरीपलीकडच्या एका पोरानं वेफर्सचं पाकीट फोडलं. तिनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाकिटाकडे बघितलं आणि शांतपणे उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. बसणं अगदी सरळ, नियमानुसार होतं.

तेव्हापासून सरावाच्या पिशवीत वेफर्सचं पाकीट असतं, आणि पावणेतीन मिनिटं झाली की ते मुलगी फोडते.